तीन इंचांचा पाट

“रविवार, २३ जुलै २०२३. सकाळी हलका पाऊस, दुपारी उघडीप. दूध दीड लिटर. श्रेयस व ऋषिराज स. ८.१५ला साताऱ्याकडे गेले. मनुबाईंकडे धोंड्याचे जेवण. जावयाच्या जेवणाला त्याच्या आईने जायचे नसते, असे ऋषिराज म्हणाला. सिद्धू मिस्त्री आला नाही. मी सायं. ६.३५ला जेवले. सूर्यास्त ७.०८.”

चंदनबालाबाईंनी पेनाला टोपण लावलं. नोंदीत एक शब्दही कमीजास्त नव्हता. फक्त ‘जावयाच्या’ लिहिताना निब कागदात रुतलं होतं आणि मागच्या पानावर त्याचा वळ उठला होता.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात चौदाव्या वर्षी एका सिस्टरने त्यांच्या हातात पहिली डायरी दिली होती. जे घडलं ते लिहायचं, मनात काय आलं ते देवाला सांगायचं, कागदाला नाही, अशी तिची शिस्त. ती शिस्त चंदनबालाबाईंनी एकोणसाठ वर्षं पाळली. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली आठ डायऱ्या होत्या. नवरा, बाळगोंडा, गेला त्या दिवशीही त्यांनी वेळ लिहिली, डॉक्टर किती वाजता आले ते लिहिलं, आणि सूर्यास्त लिहिला. त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या, तेही लिहिलं.

आता धोंड्याचा महिना म्हणजे अधिकमास. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, ताम्हणात तेहतीस अनारसे द्यायचे. चंदनबालाबाईंच्या जैन घरात हे कधी कुणी केलं नव्हतं. पण त्यांचा एकुलता एक मुलगा जानेवारीपासून साताऱ्याजवळच्या एका शेतकरी घराचा जावई झाला होता. कारण श्रेयसने लग्न केलं होतं ते मनुबाईंच्या मुलाशी, ऋषिराजशी.

लग्न सांगलीच्या घराच्या गच्चीवरच झालं होतं. एकोणतीस जानेवारी, सकाळी अकरा पन्नास, चाळीस माणसं, दोन हार. सरकारी रजिस्टरात त्याची नोंद होणार नव्हती. चंदनबालाबाईंच्या डायरीत होती. मांडव त्यांनी ठरवला, आचारी त्यांनी ठरवला, कांदालसणाची आणि बिनकांदालसणाची अशी दोन वेगळी पातेली त्यांनी लावून घेतली. आणि अकरा चाळीसला फाटकाशी जीप थांबली. जीपमधून ऋषिराजचे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले हंबीरराव उतरले, आणि त्यांच्यामागून डोक्यावर पदर, हातात नारळाची पिशवी अशा मनुबाई.

मनुबाईंनी दोन वर्षं मुलाचं तोंड बघितलं नव्हतं. “मेलास मला तू,” असं फोनवर म्हणाल्या होत्या. त्या आल्या, त्यांनी जिन्यात ऋषिराजच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग त्याला धरून अशा रडल्या की फोटोग्राफरने गच्चीवरचा मांडव सोडून कॅमेरा तिकडे वळवला. श्रेयस पाया पडायला वाकला तर त्यालाही त्यांनी कवेत घेतलं. सगळी गच्ची डोळे पुसत होती. चंदनबालाबाई तेव्हा खाली होत्या. अक्षता वर न्यायच्या राहिल्या होत्या.

अल्बम आला तेव्हा त्यांनी मोजलं. मनुबाई तेवीस फोटोंत. त्या स्वतः चार फोटोंत, त्यातला एक पाठमोरा.

त्यांना सलत होतं ते एवढंच. श्रेयसने पाच वर्षांपूर्वी आपल्याविषयी सांगितलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नव्हता, देवाला कौल लावला नव्हता, नातेवाइकांत कुजबुज केली नव्हती. ‘बरं’ म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला. ऋषिराज वरच्या मजल्यावर राहायला आला तेव्हा त्याच्या नावाची पाटी स्वतः लावून घेतली होती. आणि कौतुक कुणाचं? जिने दोन वर्षं थयथयाट केला तिचं.

मे महिन्यात ऋषिराजच्या बहिणीचं, पूजाचं लग्न साताऱ्याला झालं. हंबीररावांनी श्रेयसला स्वतः फेटा बांधला. त्यांच्या भावकीतल्या एकाने विचारलं, “सुभेदार, हे पाव्हणं कोण म्हनायचं?”

“थोरलं जावई हायत आमचं. फुडचं काय इचारायचं आसंल तर जेवल्यावर इचारा.”

तो गृहस्थ जेवला आणि काही न विचारता गेला. चंदनबालाबाईंनी मात्र मनात सरळ हिशेब मांडला होता: श्रेयस या घरचा जावई, तर आपण जावयाची आई; म्हणजे मान आपला. मानाला उणं काही पडलं नाही. मनुबाईंनी त्यांना हाताला धरून पुढच्या सोफ्यावर, कूलरसमोर बसवलं, “ह्या आमच्या इहीणबाई. कॉन्व्हेंटात शिकल्यात, लय हुशार,” असं सगळ्यांना सांगितलं, आणि तिथेच बायकांच्या घोळक्यात स्वतःची कहाणी सुरू केली.

“दोन वरसं प्वाराचं त्वांड न्हाई बघितलं म्या. पर रोज फोन करायची. रोज! शिव्या घालायची, आन शिव्या झाल्या की इचारायची, जेवलास का रं. त्यो म्हनायचा जेवलो. मग परत शिव्या. एक दिवस म्हनला, आये, आता श्रेयसला बी घाल, त्यो हितंच बसलाय, त्येला वाईट वाटतंय त्येचं नाव न्हाई घेतलं म्हनून.” बायका हसता हसता रडायला लागल्या. त्यातल्या एकीने चंदनबालाबाईंकडे वळून विचारलं, “आन ताई, तुमी वं?”

“मी काहीच म्हटलं नाही.”

“मंग तुमास्नी सोपं गेलं,” ती म्हणाली, आणि पुन्हा मनुबाईंकडे तोंड करून बसली.

परतीच्या वाटेवर चंदनबालाबाई कराडपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. कराडनंतरही बोलल्या नाहीत. गप्प असण्यातला फरक त्या घरात कुणाला कळायचा नाही.

जूनमध्ये वरच्या मजल्याचं काम निघालं. श्रेयसचा कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना. मापं हा त्याचा जीव. ऋषिराज फिजिओथेरपिस्ट, लोकांच्या पाठी आणि गुडघे हा त्याचा. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून दोघांची आठ दिवस भांडणं चालली. ऋषिराज सहा फूट, श्रेयस पाच-पाच. खाली चंदनबालाबाईंना जिन्यातून सगळं ऐकू यायचं.

“छत्तीस इंच. माझी पाठ आहे ती, तुझा कारखाना नाही.”

“मग मी काय स्टूल घेऊन पोळ्या लाटू?”

“तू पोळ्या लाटतोस कधी?”

“तुझ्या पाठीची काळजी आहे तुला, माझ्या खांद्याची नाही.”

आणि मग हसणं. शेवटी त्यांनी ओटा दोन उंचीचा केला. शेगडीपाशी छत्तीस, लाटायच्या बाजूला तेहतीस. चंदनबालाबाई हातातली पळी तशीच धरून ऐकत राहिल्या. बाळगोंडांशी त्यांचं बेचाळीस वर्षांत ओट्यावरून भांडण झालं नव्हतं. कशावरूनच झालं नव्हतं. ओटा सासूबाईंच्या मापाचा होता, सासूबाई उंच होत्या, आणि चंदनबालाबाई पाच फुटांच्या आतल्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी देवघरातला एक जुना पाट आणून ओट्यापाशी ठेवला आणि त्यावर उभ्या राहिल्या. अजून राहत होत्या. ऋषिराजने एकदा विचारलं होतं, “कंबर दुखते का हो तुमची?” त्या म्हणाल्या होत्या, “नाही.”

मग मनुबाई पंधरा दिवस राहायला आल्या. सिमेंटच्या पोत्यांवर बसून त्यांनी सिद्धू मिस्त्रीला पार भंडावून सोडलं.

“आरं गड्या, ह्यो नळ हितं? हात धुवायला मानूस वाकडा हुयाचा की.”

“काकू, इंजिनेरनं काढून दिलंय.”

“इंजिनेर भांडी घासतूय व्हय हितं?”

नळ हलला. मग त्या म्हणाल्या, “मला हुबं ऱ्हाऊन भाकरी थापायला जमत न्हाई. खिडकीखाली मला बसायला एक बुटका कट्टा काडा.” श्रेयस-ऋषिराजने एकमेकांकडे बघितलं, आणि कट्टा झाला. चंदनबालाबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेल्या घरात, पूर्वेच्या खिडकीखाली, वर्षातून चार वेळा येणाऱ्या बाईसाठी. वरच्या मजल्यावरून श्रेयसच्या हाका खाली ऐकू येऊ लागल्या, “आये, भाकरी झाली का गं?” हा मुलगा जन्मात कधी मोठ्याने बोलला नव्हता. आपल्या आईला तो ‘मम्मी’ म्हणायचा, हळू, दाराशी उभं राहून.

तेवीस जुलैच्या त्या संध्याकाळी गाडी साडेसातला आली. ऋषिराजच्या हातात ताम्हण, त्यावर कागद बांधलेला.

“आयेनं तेहतीस दिले होते,” तो म्हणाला. “सोळा खास तुमच्यासाठी काढून ठेवलेत. बिनतुटलेले.”

“मी सूर्यास्तानंतर खात नाही.”

“उद्या खा ना मग, मम्मी,” श्रेयस खुर्चीत पसरत म्हणाला. चेहरा उजळलेला होता. “आज आये काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मी तुला लवकर हो म्हणायला पाहिजे होतं. सगळ्यांसमोर म्हणाली.”

चंदनबालाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “आणि पहिल्या दिवशी हो कोण म्हणालं होतं?”

श्रेयस सरळ बसला. “कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“मम्मी, तू हो कधी म्हणालीस?”

“म्हणाले. तारखेसकट दाखवते.”

त्या उठल्या. कपाटातून २०१८ची डायरी काढली, चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तशी मान ताठ करून वाचू लागल्या. “शनिवार, १० नोव्हेंबर. दुपारी ४.१०ला श्रेयसने स्वतःबद्दल व ऋषिराजबद्दल सांगितले. मी ‘बरं’ म्हटले. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. डाळ लागली. ५.३०ला जेवलो. सूर्यास्त ५.५८.”

वाचून झालं. त्यांना वाटलं, पुढे काही तरी असेल. पान उलटलं: अकरा नोव्हेंबर, गिरणी बंद. बारा, हळदीचा भाव. तेरा. चौदा. त्या उलटत गेल्या. ऋषिराज ताम्हण घेऊन हळूच वर निघून गेला.

“डाळ लागली होती ते मला आठवतं,” श्रेयस म्हणाला. “मी खाल्ली ती. तू समोर बसली होतीस. मी वाट बघत होतो.”

“कशाची?”

“तू काहीतरी विचारशील. काहीही. तो काय करतो, कुठला आहे. आयेच्या शिव्या मी फोनच्या स्पीकरवर ऐकायचो ना, तेव्हा मला ऋषीचा हेवा वाटायचा. हसू नकोस.”

त्या हसत नव्हत्या. डायरी त्यांनी कपाटात परत ठेवली, जागच्या जागी, सालाप्रमाणे.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. नोंदी नेहमीसारख्याच होत्या. झोपेच्या वेळेत फक्त तासा-दोन तासांचा फरक. शेवटी त्यांच्या मनाने एक धागा पकडला. श्रेयस मनुबाईंचा जावई असेल, तर ऋषिराज आपला कोण? अधिकमास सोळा ऑगस्टपर्यंत होता. त्यांनी फोन उचलला. मनुबाईंना फोन करायची ही पहिलीच वेळ.

“मनुबाई, धोंडे कसे करतात?”

“आवं इहीणबाई! फोनवर सांगू व्हय? म्या येते की. आन त्या दिशी का न्हाई आलासा? म्या पाट मांडला हुता तुमचा.”

“जावयाच्या आईने यायचं नसतं ना?”

“कुनी सांगितलं? आमच्या खुळ्यानं? त्येला काय ठावं! तुमी इचारायचं न्हाई व्हय मला?”

सहा ऑगस्टला मनुबाई सकाळी नऊच्या आत हजर झाल्या, पुरणयंत्र स्वतःचं घेऊन. चंदनबालाबाईंना त्यांच्यात खोट काढायची फार इच्छा होती आणि ती सापडेना. कांदालसणाचं नाव नाही. “दिस बुडायच्या आत वाढायचं, ध्यानात हाय माज्या,” असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. कणकेत पुरण भरून गोळे वाफेला लावले. तबक तयार झालं तेव्हा चंदनबालाबाई नेहमीप्रमाणे मागे सरल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाला ओवाळलं नव्हतं. मनुबाईंनी तबक त्यांच्या हातात कोंबलं. “जावई तुमचा हाय. म्या कशी ओवाळू? म्या त्येची आय हाय.”

ऋषिराज पाटावर मांडी घालून बसला होता, गुडघे दोन्ही बाजूंना लांब गेलेले, चेहरा शाळकरी मुलासारखा गंभीर. चंदनबालाबाईंनी ओवाळलं. निरांजन विझलं नाही. त्यांना आनंद झाला, आणि लगेच रागही आला, कारण तो आनंदसुद्धा मनुबाईंनीच हातात दिलेला होता.

जेवणं झाली. मनुबाई आवराआवर करायला ओट्यापाशी गेल्या आणि त्यांचा पाय अडखळला.

“ह्यो पाट कशाला हितं? पडले आसते की म्या!”

“राहू दे तो,” चंदनबालाबाई म्हणाल्या.

मनुबाईंनी पाटाकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, मग चंदनबालाबाईंच्या उंचीकडे. आणि घर दणाणून गेलं. “श्रेयस! हिकडं यं! तुज्या आयला ह्या वयात पाटावर हुबी करून सैपाक करायला लावतूस व्हय रं? वर दोन-दोन ओटं बांधलंत!”

श्रेयस धावत आला. “तो पाट तर पहिल्यापासून आहे. मला वाटलं, लाटणं-बिटणं ठेवायला असेल.”

“ठेवायला! आरं बाबा, ती बाई...”

“मनुबाई, थांबा!”

आवाज एवढा मोठा निघाला की चंदनबालाबाई स्वतःच दचकल्या. त्यांची सासू या घरात असताना किंवा नसताना तो आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांना सगळं चाललं असतं. फोटो चालले, कट्टा चालला, ‘आये’ चाललं. पण हे दुखणं त्यांचं एकटीचं होतं, एकावन्न वर्षांचं, आणि तेही आता दुसऱ्या बाईच्या तोंडून मुलाला कळणार होतं.

“माझ्या मुलाला मी सांगते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा.”

मनुबाई खरोखरच बसल्या, जमिनीवर, जिथे होत्या तिथे.

“ओटा तीन इंच उंच आहे,” चंदनबालाबाई म्हणाल्या. “कंबर दुखते.”

“कधीपासून?” श्रेयस म्हणाला.

“एकोणीसशे बहात्तर.”

ऋषिराज दारात उभा होता. त्याने हसू दाबलं, मग दाबलं नाही, श्रेयसलाही आवरेना. चंदनबालाबाई मात्र हसल्या नाहीत, कारण त्यांना अजून सांगायचं होतं आणि थांबलं तर ते राहून जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“आणखी एक. त्या दिवशी शिट्टी झाली नव्हती.”

“कुठल्या दिवशी?”

“दहा नोव्हेंबर. मी डायरीत लिहिलंय की शिट्टी झाली म्हणून उठले. झाली नव्हती. मी तशीच उठले. इथे येऊन उभी राहिले, या पाटावर. मग शिट्ट्या झाल्या असणार, पाच-सहा तरी. मला ऐकू आल्या नाहीत. म्हणून डाळ लागली.”

श्रेयसचं हसू गेलं. “एवढा राग आला होता?”

“राग नाही रे.” त्यांनी पदराने ओट्याची कड पुसली, ती स्वच्छच होती. “तू त्याचं नाव घेतलंस ना... ज्या आवाजात घेतलंस. तुझे पप्पा चांगले होते. मला कधी उणं बोलले नाहीत. पण माझं नाव...” पुढचं वाक्य त्यांना बांधता आलं नाही. “मला हेवा वाटला. आईला मुलाचा वाटू नये, तो वाटला. मग मी तुला काय विचारणार होते?”

मनुबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्यांच्या आयुष्यात एवढा वेळ त्या बहुधा पहिल्यांदाच गप्प बसल्या होत्या. श्रेयस पुढे आला. आईला मिठी मारायची त्या घरात रीत नव्हती, त्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्याने खिशातून मेजर टेप काढला, गुडघ्यावर बसला आणि ओट्याची उंची मोजायला लागला. मोजता मोजता, वर न बघता, म्हणाला, “विचार आता.”

“काय?”

“जे तेव्हा विचारायचं होतं ते.”

चंदनबालाबाईंनी दारात उभ्या असलेल्या आपल्या सहा फुटी जावयाकडे बघितलं. इतकी वर्षं तो त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता.

“तुम्हा दोघांची भेट कुठे झाली?” त्यांनी विचारलं.

“इस्लामपूरला,” दोघे एकदम म्हणाले, आणि कोण आधी बोललं होतं यावरून तिथल्या तिथे त्यांचं भांडण जुंपलं. एक म्हणे बसस्टँडवर, दुसरा म्हणे छे, आदल्या दिवशी रसाच्या गुऱ्हाळावर, तुला आठवत नाही तो माझा दोष नाही. चंदनबालाबाई ऐकत राहिल्या. हेवा गेला नव्हता. तो तिथेच होता, त्यांच्या शेजारी उभा. पण आता निदान त्याला नाव होतं आणि घरातल्या चौघांना ते माहीत होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत सिद्धू मिस्त्रीने कडप्पा काढला, खालचे टेकू कापले आणि ओटा पुन्हा बसवला. मनुबाई कामावर देखरेख करायला येऊ का म्हणून विचारत होत्या. चंदनबालाबाईंनी “नको” म्हटलं, आणि सिमेंटच्या पोत्यावर स्वतः बसल्या. सिद्धूने नळ चुकीच्या बाजूला धरला तेव्हा त्या बोलल्या. दोनदा बोलावं लागलं. काम झालं त्या दिवशी मनुबाई आल्याच, नवा ओटा हाताने चाचपून बघितला, “झ्याक झालाय” म्हणाल्या, आणि कोपऱ्यात टेकवलेला पाट उचलून त्याच्याकडे निरखून बघितलं. सागवान होतं, घासून घासून मऊ झालेलं. वरच्या कट्ट्यापाशी बसायला तो अगदी बेताचा होता, हे दोघींनाही एकाच वेळी दिसलं.

त्या संध्याकाळी चंदनबालाबाईंनी लिहिलं:

“मंगळवार, २९ ऑगस्ट २०२३. ओटा पूर्ण, उंची ३० इंच. जमिनीवर उभी राहून पोळ्या केल्या, अकरा. जेवलो चौघे, ६.२५ला. सूर्यास्त ६.५०. जुना पाट मनुबाईंनी मागितला. दिला नाही, माळ्यावर ठेवला.”